चारीचं पाणी

नवी खांडवली, ता. मावळ
१२ जून २०२५

प्रदीप,

भावाचा जयभीम. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता कामशेतच्या पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. फोन तू उचलत नाहीस. सोमाटणे फाट्यावर तुझ्या टायरच्या दुकानासमोरून मी या महिन्यात दोनदा एसटीनं गेलो. उतरायचं धाडस झालं नाही. सव्वीस वर्षांत आपण एकदाच समोरासमोर आलो, आबा गेले तेव्हा, आणि तेव्हाही तू खांदा देऊन सरळ निघून गेलास.

काम एकच आहे. आईला थोडे दिवस तुझ्याकडे घेऊन जा.

तिला खोकला आहे. दोन वर्षं झाली, धरणाची उंची चार मीटरनं वाढवायचं काम चालू आहे आणि मातीचे डंपर आपल्या वस्तीतूनच जातात. आता पाऊस लागला, धूळ बसली, पण खोकला बसत नाही. डॉक्टर म्हणाले हवापालट करा.

तू इथं राहिला नाहीस, म्हणून जागा कशी आहे ते सांगतो. जुनं गाव बुडालं तेव्हा वरच्या अंगाला जमीन शिल्लक नव्हती. मग आपल्याला धरणाच्या खालच्या अंगाला वसवलं. सदतीस घरं. वीस आपली बौद्धवाडीतली, बाकीची मराठ्यांची. दारात उभं राहिलं की समोर आभाळाच्या आधी भिंत दिसते. मातीची भिंत, वर गवत उगवलेलं. नवीन माणसाला तो डोंगरच वाटतो. पलीकडे पाणी आहे हे आम्हीही विसरतो.

माझं काम तेच, मोजणीदार. रोज सकाळी आठला भिंतीच्या पायथ्याच्या चारीवर जायचं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते या चारीत येतं, एका लोखंडी पत्र्याच्या खाचेतून वाहतं. खाचेवर किती उंची आहे ते बघायचं आणि गळतीच्या रजिस्टरात लिहायचं. चारीला लागून पहिलं घर नंदाबाईंचं. नवरा महिपती वारला, मुलगा सत्यम लोणावळ्याला एका हॉटेलात असतो, त्या एकट्याच दोन म्हशी सांभाळतात. मी परत निघालो की त्या गोठ्यातून रोज ओरडतात, "भिकाभाऊ, पानी कसं हाय?" मी म्हणतो, "बरं हाय." सव्वीस वर्षांचा नेम आहे.

माझी मानसी तिच्या लेकीला घेऊन कामशेतला भाड्यानं राहते. तेजलची शाळा तिथं आहे. तुझी वहिनीही सध्या तिच्याचकडे. घरात मी आणि आई दोघंच. तेव्हा तिला ने. पाऊस संपला की परत आणून सोड. माझ्याशी बोलावं लागणार नाही, मी कामावर असेन.

भिकाजी


३० जून

प्रदीप,

उत्तर नाही. मी आशा धरतही नव्हतो.

आईला मीच कामशेतला न्यायला बघितलं. रिक्षा दारात उभी केली. ती उंबऱ्यावर बसून राहिली. म्हणाली, "एकदा उठवलं सरकारनं. आता तू उठिवतोस व्हय?" मी म्हटलं, मानसीकडं चार दिवस. तर म्हणाली, "परदीप न्यायला आला तर जाईन. दुसऱ्या कुनासंगं न्हाई."

म्हणून परत लिहितो. आणि थोडं खरं लिहितो, कारण खोकल्यासाठी तू येणार नाहीस.

चारीचं पाणी जरा बदललंय. मागचं पत्र टाकलं त्यानंतर लक्षात आलं. पाणी वाढलंय, त्याचं काही नाही, पावसाळ्यात वाढतं. पण रंग थोडा वेगळा वाटतो. स्टीलच्या पेल्यात धरून ठेवलं तर तळाला बारीक काहीतरी बसतं. मी साहेबांना सांगितलं. आमचा शाखा अभियंता चांगला माणूस आहे, गेल्या वर्षीच बदलून आला. तो चारीवर आला, वाकून बघितलं, म्हणाला, "वरून पावसाचं पाणी मिसळतंय, भिकाजी. शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छच लिहा. उगाच वर गोंधळ नको, पंधरा ऑगस्टला जलपूजन आहे." नव्या उंचीपर्यंत धरण पहिल्यांदाच भरणार आहे. मोठी माणसं येणार आहेत.

मी स्वच्छ लिहिलं. त्याचंही बरोबर असेल. तो शिकलेला आहे.

तरीपण आई इथं नको. एवढंच.

भिकाजी


१६ जुलै

प्रदीप,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं दारात वाचूनच दाखवलं, कार्ड असल्यामुळे. "रविवारी आईला न्यायला येतो. त्याआधी एका गोष्टीचं उत्तर दे. तुझी बायको, मुलगी आणि नात कामशेतला कोणत्या महिन्यात गेली? आणि बाकीच्या घरांना तू काय सांगितलंस?"

तू बारावीत होतास तेव्हाही असंच करायचास. सगळं ऐकून घ्यायचं आणि मग जिथं दुखतं तिथंच बोट ठेवायचं.

फेब्रुवारीत गेली.

शाळा जूनला सुरू होते, हे तुला कळतं. तेजलला अंगणवाडी इथंच होती. फेब्रुवारीत ठेकेदाराच्या पोकलेननं पायथ्याचा जुना दगड काढला. त्या दगडाच्या आत वाळूचा थर असतो. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, हे त्याचं काम. तो थर त्यांनी उकरला आणि परत नीट बसवला नाही. वर नवीन माती दाबली. त्या आठवड्यात चारीत माती दिसली.

तुला समजेल असं सांगतो. गळतीचं पाणी वाढलं तर घाबरायचं कारण नसतं. ते गढूळ झालं तर मात्र भिंतीच्या आतली माती त्याच्याबरोबर बाहेर येतेय असा अर्थ होतो. जेवढी बाहेर आली तेवढी आत पोकळी. ती बाहेरून दिसत नाही. भिंत तशीच दिसते, गवतही तसंच हिरवं. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या म्हाताऱ्या इंजिनियरनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. आकडा चुकला तरी चालेल, म्हणाला होता, रंग चुकू नको.

म्हणून मी माझी माणसं हलवली. बाकीच्या घरांना काही सांगितलं नाही.

काय सांगणार? साहेब म्हणतात स्वच्छ, रजिस्टर म्हणतं स्वच्छ. मीच लिहिलेलं रजिस्टर. उद्या गाव घाबरलं आणि काही झालं नाही तर माझ्या तोंडात शेण घालतील. आणि कदाचित काही होणारही नाही. अशी किती धरणं गळतात.

काल संध्याकाळी नंदाबाईंनी दुधाचा तांब्या आणून दिला. आईजवळ टेकल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, परसात वल लय धरलीया. गोठ्याच्या मागं पाय टाकला की चिखूल. पावसाचंच असंल न्हवं?"

मी म्हटलं, "पावसाचंच."

"तुमी म्हनताय म्हंजे मग काळजी न्हाई," म्हणाल्या आणि गेल्या.

आई माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नाही. पण बघत होती.

रविवारी ये. मी घरीच थांबेन.

भिकाजी


२४ जुलै

प्रदीप,

आईची गोळी सकाळची आहे, संध्याकाळची नाही. चिठ्ठी पिशवीत ठेवायची राहिली म्हणून आधी ते लिहिलं.

तुझी गाडी वळणावर गेल्यावर नंदाबाई बराच वेळ रस्त्यावर उभ्या होत्या. आई त्यांना म्हणाली ते तू ऐकलंस ना? "लेकाकडं चाललेय. सव्वीस वर्सांनी न्यायला आलाय." इंद्रायणी तांदळाची पिशवी तुझ्या गाडीत टाकली ती त्यांच्याच घरची. मला म्हणाल्या, "लय चांगलं झालं बगा भाऊ. तुमचं दोगांचं जुळलं." डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं आपण भांडण मिटवायला बसलोय. चारीवर आपण काय बोललो ते त्यांना कुठं माहीत.

तू बाटलीत पाणी भरून नेलंस. आता त्यात बोटभर गाळ बसला असेल. बाटली दुकानात समोर ठेवली असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तू म्हणालास, "दादा, मंगळवारच्या ग्रामसभेत तू सांग. नाहीतर मी येऊन सांगतो." सव्वीस वर्षांनी दादा म्हणालास. मी हो म्हटलं.

मंगळवारी ग्रामसभा झाली. विषय जलपूजनाचा मांडव कुठं घालायचा हा होता. मी बोलायला उभा राहिलो. सगळे बघायला लागले, कारण मी कधी उभा राहत नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, शाळेच्या नळाला तोटी नाही, ती बसवा. ठराव मंजूर झाला. मी खाली बसलो.

का बोललो नाही, ते आता सांगतो. हे मी तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

एकतीस ऑगस्टला मी निवृत्त होतोय. पाच आठवडे राहिलेत. आता मी लेखी दिलं की पाणी गढूळ आहे, तर पहिला प्रश्न येणार की कालपर्यंत स्वच्छ कसं लिहिलं. चौकशी लागणार. चौकशी लागली की माझी फाईल निघणार, पहिल्या पानापासून. आणि पहिल्या पानावर तुझी सही आहे.

ती तू केलेली नाहीस.

धरणग्रस्ताचा दाखला घराला एकच मिळत होता, एका खातेदाराला एक नोकरी. आबांनी तुझं नाव घातलं होतं, कारण तू बारावी पास आणि मी नापास. तू तेव्हा लष्कराच्या भरतीला नाशिकला गेला होतास. ऑफिसातून निरोप आला, तीन दिवसांत कागद पूर्ण करा. मी ऑफिसात गेलो. धाकट्या भावाची हरकत नाही, असं संमतीपत्र लिहून दिलं आणि खाली तुझं नाव लिहिलं. प वर जरा जोर दिला, तू द्यायचास तसा. आबांना सांगितलं, प्रदीपनंच फोन करून दादाचं नाव घाला म्हणून सांगितलं. ते मरेपर्यंत तसंच समजत होते. म्हणून ते तुला म्हणायचे की तूच दिलंस आणि तूच रुसलास. त्यांची चूक नव्हती.

भरतीत तू नापास होऊन आलास आणि मी खाकी घालून चारीवर उभा होतो.

तुला हे ठाऊक होतं, मला माहीत आहे. पण मी कधी तोंडानं कबूल केलं नव्हतं.

आज पाण्याची पातळी जुन्या सांडव्याच्या वर गेली. आता जे पाणी चढतंय ते नव्या मातीला टेकलंय. आजवर तिथं पाणी कधी नव्हतं. चारीच्या खाचेतून पाणी आता मावत नाही, दोन्ही बाजूंनी उडतंय. शेरा, स्वच्छ.

मला अजून आठ दिवस दे.

भिकाजी


५ ऑगस्ट

प्रदीप,

बातमीत आलं असेल. खांडवली धरणाच्या पायथ्याची माती घसरली, भिंत सुरक्षित, चार घरांचं नुकसान, एक महिला मृत. ती महिला नंदाबाई.

झालं तसं सांगतो. तू आठ दिवस दिले होतेस, मी दहा घेतले.

रविवारी, तीन तारखेला सकाळी आठला मी चारीवर गेलो. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. पाणी गढूळ होतंच, पण रोजच्याएवढं. नंदाबाई गोठ्यातून म्हणाल्या, "भाऊ, पानी कसं हाय?" मी म्हटलं, "बरं हाय." त्या हसल्या. डोक्यावर पोतं घेतलं होतं.

साडेअकराला मी परत गेलो. का गेलो माहीत नाही, रविवारी एकदाच जायचं असतं. चारीत पाणी नव्हतं, चहा होता. तसाच रंग, तसाच दाट. आणि नंदाबाईंच्या गोठ्यामागं, त्या म्हणत होत्या त्या चिखलात, जमिनीतून पाणी उकळत होतं. भाताला आधण येतं तसं. बरोबर वाळू वर येत होती आणि भोवती गोल बसत होती. मी तिथं काठी टाकली. काठी आत गेली, हातातून सुटून गेली.

साहेबांना फोन लावला. ते पुण्याला होते. म्हणाले, "मी निघतो. तोपर्यंत कुणाला काही बोलू नका, चेंगराचेंगरी होईल." मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही.

घरोघर गेलो. वर शाळेच्या माळावर चला, भिंत जातेय. कुणी हलेना. पप्पू मिस्त्री हसला, "भिकाभाऊ, रिटायर व्हायच्या आदी येडं लागलं का?" रविवार होता, घराघरांत मटण शिजत होतं. बायका म्हणाल्या, सकाळीच तर तुमी बरं हाय म्हनलं, आमी ऐकलं की.

मग मी भैरवनाथाच्या देवळात गेलो. मी त्या देवळाच्या गाभाऱ्याजवळ कधी गेलो नव्हतो, कुणी अडवलं म्हणून नाही, मीच नाही. भोंग्याचा माईक काढला. काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं. "मी भिकाजी श्रीपती ओव्हाळ बोलतोय. चारीचं पाणी गढूळ आहे. मी रजिस्टरात खोटं लिहीत होतो. जूनपासून खोटं लिहीत होतो. माझी बायकापोरं मी आधीच कामशेतला पाठवलीत. तुम्हाला सांगितलं नाही. आता निघा."

बायकापोरांचं ऐकलं आणि गाव उठलं. भिंतीवर कुणाचा विश्वास बसला नव्हता, त्यावर बसला.

पाऊण तासात माळावर सगळे होते. म्हातारी माणसं पाठीवर आणली. पप्पू मिस्त्रीनं तिघांना उचलून आणलं, मला शिव्या देत. मी मोजत होतो. नंदाबाईही होत्या, मी त्यांना डोळ्यांनी बघितलं. शाळेच्या व्हरांड्यात ओल्या उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सकाळी का न्हाई सांगितलंत, भाऊ? म्हशी सोडल्या असत्या." मग बसायला पोतं हवं म्हणून कुणीतरी ओरडलं, मी तिकडे वळलो.

त्या म्हशी सोडायला खाली गेल्या.

दोन चाळीसला आवाज झाला. मोठा नव्हता. ट्रकनं खडी ओतल्यासारखा. भिंतीच्या पायथ्याचा अर्धा एकर, गवतासकट, खाली बसला आणि पुढं सरकला. वस्तीच्या पहिल्या चार घरांवरून गेला आणि थांबला. मग एक म्हैस चिखलातून बाहेर आली. तिच्या गळ्यात सोडलेलं दावं होतं.

चारच्या सुमारास साहेब आणि वरची माणसं आली. सगळे दरवाजे उघडले. रात्रभर पाणी सोडत होते. सकाळपर्यंत पातळी तीन मीटर उतरली आणि भिंत राहिली. एक अधिकारी म्हणाला, अजून दोन तास गेले असते तर खाली कामशेतपर्यंत काही उरलं नसतं. मला नमस्कार केला त्यानं. मी तो घेतला नाही.

नंदाबाई काल दुपारी सापडल्या. गोठ्याच्या दारातच. सत्यमनं स्वतः काढलं, पोकलेन लावू दिला नाही.

आईला एवढ्यात सांगू नको.

भिकाजी


१३ ऑगस्ट

प्रदीप,

तू आईला सांगितलंस, हे बरं केलंस. तिचा निरोप पोचला. ती माझ्याशी बोलणार नाही म्हणते, तर नको बोलू दे. तुझ्याकडे राहील तेवढे दिवस राहू दे.

इथलं सांगतो. मला निलंबित केलं. साहेबांची बदली झाली, ती आधीच ठरलेली होती म्हणतात. जलपूजन रद्द नाही, पुढं ढकललंय. पायथ्याला मोठे दगड टाकतायत, डंपर परत आपल्या वस्तीतूनच जातात. दिवाळीच्या आत दुरुस्ती करून पुढच्या पावसाळ्यात नव्या उंचीपर्यंत भरायचं, असं परवा बैठकीत वाचून दाखवलं. शाळेत किती दिवस राहणार, म्हणून तीस घरं परत खाली गेलीत. चारीवर ठेकेदारीतला नवीन माणूस लावलाय. तो सकाळी आठला जातो. लोक त्याला काही विचारत नाहीत. मला तर कुणी दारातून हाकही मारत नाही. पाण्यासाठी बाहेर आलो की बायका हंडा उचलून आत जातात.

उद्या पुण्याला माझा जबाब आहे. तुझ्या सहीचंही सांगणार आहे. पेन्शन जाईल, बहुतेक पोलिसातही जाईल. ते मी ठरवलंय, तू अडवू नको. हे पत्र त्यासाठी नाही.

काल नंदाबाईंचा दहावा होता. नदीवर. मी जाऊ नये असं तुझी वहिनी म्हणत होती. मी गेलो, लांब, करंजाच्या झाडाखाली उभा राहिलो. पिंड ठेवला. कावळा शिवेना. भटजी वेळ मोजत होते. लोक म्हणायला लागले, म्हशीत जीव अडकलाय, म्हशी सांभाळीन म्हण. सत्यम म्हणाला. कावळा आला नाही. मग त्यानं मागं वळून बघितलं आणि मला हात केला. "काका, हितं या."

सगळं गाव बघत होतं. मी पाण्यापर्यंत गेलो.

तो ओरडला नाही. मला वाटलं होतं अंगावर येईल, मी तयार होतो. त्याचं डोकं भादरलेलं, अंगावर ओलं उपरणं. चोवीस वर्षांचं पोर. शांतपणे म्हणाला, "तुमी माईकवर जूनपासून म्हनला. मला नीट सांगा. कवापासून म्हाईत होतं?"

तुला मी आधी म्हटलं, मागचं पत्र टाकल्यावर लक्षात आलं. मग फेब्रुवारी म्हटलं. तेव्हा वाटलं होतं की तुला तरी खरं सांगितलं. गावाला जून सांगितला, आणि कुठला जून ते सांगितलं नाही. पोकलेननं पायथा पहिल्यांदा उकरला तो गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. त्याच आठवड्यात माझ्या पेल्याच्या तळाला माती बसली होती. त्या वेळी हा साहेब आलेलाही नव्हता. स्वच्छ लिही, असं मला तेव्हा कुणी म्हणालंच नव्हतं. मीच लिहिलं, माझं मी.

मी सत्यमला म्हटलं, "चौदा महिने."

त्यानं मनातल्या मनात मोजलं. ओठ हलताना दिसत होते. मग म्हणाला, "म्हंजे गेल्या दिवाळीच्या आदी."

"व्हय."

"दिवाळीत आईनं मागची खोली बांधली. माझ्या लग्नासाटी. चारीच्या अंगाला बांधू का, म्हनून तुमाला इचारलं हुतं तिनं. मी तितंच हुतो."

नंदाबाई त्याच खोलीच्या भिंतीखाली सापडल्या, हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. गोठ्याच्या दारात लिहिलं.

सत्यम अजून उत्तराची वाट बघत होता. बांधा म्हणालो होतो मी. जागा चांगली आहे म्हणालो होतो. आणि पाया सरळ यावा म्हणून, पांढऱ्या फक्कीची पाटी घेऊन, चारही कोपरे मीच आखून दिले होते.

भिकाजी